सर्प झालेले शीड

मित्रांनो, मी एक जुने शीड आहे. सध्या माझा मुक्काम धोंडू तांडेलाच्या खळ्यात असतो. सकाळी मला जमिनीवर पसरतात, माझ्यावर जवळा वाळत घालतात आणि कावळे हाकायला एक म्हातारी काठी घेऊन बसते. येणारेजाणारे मला फडके म्हणतात. म्हणोत बापडे. जमिनीवरच्या माणसांना कापडाकापडांतला फरक कळत नाही, याची मला आता सवय झाली आहे. पण जरा वाकून पाहाल तर माझ्या अंगावर तुम्हाला काळे खवले दिसतील, एकाखाली एक, नीट रांगेने काढलेले. शिडाला खवले कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचीच ही हकिकत आहे. मी एकदा सर्प झालो होतो. साधासुधा नव्हे, पंख असलेला, तोंडातून आग ओकणारा, अगदी विलायती.

पण आधी मी शीडच होतो. वेळणेश्वराच्या अलीकडे, समुद्राच्या काठावर आमचे गाव आहे. तिथल्या रामा तांडेलाने, म्हणजे मालवाहू मचव्याच्या कप्तानाने, दाभोळच्या बाजारातून जाड सुती कापड आणले, ते वाळूवर पसरले आणि दोन खलाशांना बरोबर घेऊन दाभणाने मला शिवले. मग ऐनाच्या सालीच्या काढ्यात मला बुडवून काढले. त्यामुळे मी तांबूस झालो आणि खाऱ्या पाण्याने कुजण्याची भीती गेली. रामा मोठ्या हातांचा आणि थोड्या बोलण्याचा माणूस होता. चांगला वारा लागला आणि मचवा पाणी कापू लागला की तो माझ्यावर थाप मारी, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. एवढेच त्याचे कौतुक. पण मला ते पुरे असे.

आम्ही कौले घेऊन मुंबईला जात होतो, मीठ घेऊन परत येत होतो. किती वर्षे गेली ते मी मोजले नाही. माझ्यावर ठिगळे चढली. मग एका हंगामात रामाने नवे, पांढरेशुभ्र कापड आणले, नवे शीड शिवले आणि माझी घडी करून घरात माळ्यावर टाकली. मला फार राग आला. त्या नव्या पोरसवदा शिडाला वादळ म्हणजे काय हे तरी ठाऊक होते का? मी माळ्यावर पडल्या पडल्या कुढत राहिलो. रामा नवे शीड घेऊन गेला आणि परत आला नाही. मचवा आला नाही, खलाशी आले नाहीत, लाकडाचा एक तुकडादेखील कुठल्या किनाऱ्याला लागला नाही. हे १९२६ सालचे.

रामाच्या बायकोचे नाव मथुरा. ती काथ्याचे सुंभ वळून पोट भरी. नवऱ्याची दुसरी वस्तू तिच्याजवळ फारशी नव्हती. तांडेलाचे सगळे सामान मचव्यावरच असते. राहिलो होतो तो मी. ती मला अधूनमधून माळ्यावरून उतरवी, अंगणात ऊन दाखवी, पुन्हा घडी करी आणि वर ठेवी. कुणाला हात लावू देत नसे. शेजारणी म्हणत की कुजून जाईल, कुणाला तरी वापरायला दे. ती ऐकून न ऐकल्यासारखे करी. रामाचा मित्र धोंडू, ज्याच्या खळ्यात मी आज आहे, त्याचे स्वतःचे शीड तेव्हा लक्तरे झाले होते. पण त्याने एका शब्दाने मला मागितले नाही. त्याला तिचे मन कळत होते.

मला मात्र माझे मन कुणाला सांगता येत नव्हते. मित्रांनो, माळ्यावर वारा नसतो. तिथे धूर असतो, उंदीर असतात आणि खालच्या घरातला शांतपणा असतो. मथुरा मला किती जपत होती! आणि मी घडीघडीवर विरत चाललो होतो.

तीन वर्षे अशी गेली. मग १९२९ च्या हिवाळ्यात, भातकापणी उरकल्यावर, मुंबईहून आगबोटीने दाभोळला उतरलेली दहाबारा माणसे आमच्या गावी आली. त्यांच्याजवळ तीन पायांवर उभे राहणारे एक यंत्र होते, चंदेरी कागद चिकटवलेले मोठे फळे होते आणि कपड्यांच्या पेट्या होत्या. चित्रपट काढणारी ती एक लहानशी कंपनी होती. त्या काळी चित्रपट मुके असत. माणसे पडद्यावर ओठ हलवीत आणि ती काय बोलली ते मध्येच पाटीवर लिहून येई. कंपनीचे मालक बळवंतराव हेच सगळे करीत. गोष्ट त्यांची, पाट्या त्यांच्या, आणि उन्हात उभे राहून ओरडणेही त्यांचेच.

बळवंतरावांनी कुठल्याशा विलायती चित्रात लोखंडी कपडे घालून घोड्यावर बसलेला शिलेदार पाहिला होता आणि त्याने मारलेला पंखांचा अग्निसर्पही पाहिला होता. ते चित्र त्यांच्या डोक्यातून जाईना. आपल्याकडे असे काही कुणी दाखवलेले नाही, आपण दाखवू, असे त्यांनी ठरवले. नावही ठरले होते, ‘पोलादी शिलेदार’. पोलाद मात्र कंपनीजवळ नव्हते. शिलेदाराचे चिलखत घासलेटच्या डब्यांचे पत्रे कापून केले होते आणि राजवाडा म्हणून आमच्या खाडीच्या तोंडाशी असलेला पडका बुरुज चालणार होता. म्हणून तर ते एवढ्या लांब आले होते.

देवळाच्या अंगणात बसून बळवंतरावांनी गावाला गोष्ट सांगितली. गावाने ती मनापासून ऐकली आणि मनापासून शंका काढल्या. लोखंडी सदरा घातल्यावर पाठीला खाज सुटली तर शिलेदार काय करीत असे? जेवताना तोंडावरची झडप कोण धरून ठेवी? आणि या सर्पाने असा काय गुन्हा केला होता? बळवंतराव म्हणाले, तो राजकन्येला गुहेत कोंडून तिच्यावर पहारा करतो. त्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. पहारा करतो म्हणजे तो राखणदारच झाला, आमच्या गावाला सांभाळणाऱ्या देवासारखा. शिलेदारापेक्षा गावाला सर्प जास्त आवडला.

सर्प करायचे काम धोंडूवर आले. धोंडू समुद्रावरचा तांडेल, पण शिमग्यात तो आमच्या गावच्या खेळ्यांचा, म्हणजे सोंगे नाचवणाऱ्यांचा, म्होरक्या. देवाची सोंगे आणि रावणाचा मुखवटा त्याच्याच हातचा असे. त्याने पांगाऱ्याचे लाकूड कोरून सर्पाचे डोके केले. डोळ्यांच्या जागी फुटक्या कंदिलाच्या काचा बसवल्या. बांबूच्या कामट्या वाकवून लांबलचक सांगाडा बांधला. पावसात डोक्यावर घेतात ती पानांची इरली घरोघरून गोळा केली आणि त्यांचे पंख केले. पण कातडे कशाचे करायचे? गोणपाट लावून पाहिले तर सर्प गूळ भरलेल्या पोत्यासारखा दिसू लागला. चालत्या होड्यांची शिडे काढून घेता येत नव्हती.

मग एक दिवस धोंडू मथुरेच्या दारात येऊन उभा राहिला. मुंडासे काढून हातात धरले. मथुरेनेच विचारले, काय पाहिजे. त्याने खाली मान घालून सांगितले.

मित्रांनो, आमच्याकडे शिमग्याच्या खेळांची एक रीत आहे. खेळासाठी जे मागतील ते घर देते. कुणाचा शालू, कुणाची ठुशी, कुणाचे पितळी तबक, काहीही असो. आणि खेळ संपला की ज्याची वस्तू त्याच्या घरी पोचवल्याशिवाय खेळे स्वतःच्या घरी जात नाहीत. मथुरेचा लग्नातला शालू दरवर्षी असाच जाऊन परत आलेला होता. मुंबईच्या लोकांचे काम म्हणजेही एक खेळच आहे, असे गावाने धरले होते. तिथेच सगळी चूक झाली. पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आले नाही, आणि माझ्याही नाही.

मथुरेने माळ्याकडे पाहिले. “परत येनार ना?” तिने विचारले.

“येनार,” धोंडू म्हणाला.

तिने मला खाली उतरवून त्याच्या हाती दिले. किती दिवसांनी मला पुरुषाच्या हाताचा राठपणा लागला! धोंडूने मला सांगाड्यावर ताणले, सुंभाने आवळून शिवले आणि होडीला लावायच्या डांबराने माझ्यावर खवले काढले. मला आधी अपमान वाटला. शिडाने वारा धरावा, खवले कसले मिरवायचे! पण विठू नावाच्या खेळ्याने माझ्यासमोर उभे राहून, घाबरल्याचे सोंग करून, मागच्या मागे उडी मारली आणि सगळे हसले, तेव्हा मला बरे वाटले. कुणी आपल्याकडे पाहून हसावे किंवा घाबरावे, यालाही नशीब लागते.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी बळवंतरावांनी यंत्रापुढे नारळ फोडला. गावाला ते अर्धवट वाटले. नुसता नारळ फोडून काय होते? गाऱ्हाणे घालायला नको का? धोंडू पुढे झाला, त्याने दुसरा नारळ माझ्या डोक्यापुढे ठेवला आणि हात जोडून मोठ्या आवाजात गाऱ्हाणे घातले.

“बा गावदेवा म्हाराजा, आज तुज्या लेकरांनी ह्यो खेळ मांडलाय. कुनाचं इरलं आनलंय, कुनाचं सुंभ आनलंय, कुनाचं शीड आनलंय. खेळ नीट पार पडूं दे आनि ज्याचं त्याला सुखरूप परत पोचूं दे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे गाव म्हणाले. बळवंतरावांना ते फार आवडले. त्यांनीही हात जोडले आणि गावाच्या सुरात सूर मिळवून ते म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

त्यानंतरचे दिवस मजेत गेले. माझ्या पोटात सात खेळे शिरत. डोक्यापाशी धोंडू, त्याच्यामागे विठू, मग बाकीचे. धोंडू डोके हलवी आणि विठू माझ्या जबड्यातून मशालीवर राळेची पूड उडवी. भसकन ज्वाळ बाहेर पडे आणि मुंबईहून आलेली राजकन्या खरीच किंचाळे. शिलेदार झालेला सदू मूळचा लांज्याकडचा होता. गिरणीत कामाला असताना तालमीत अंग कमावलेले, म्हणून बळवंतरावांनी त्याला उचलले होते. उन्हात त्याचे डबे इतके तापत की दर थोड्या वेळाने त्याला सावलीत बसवून घागरभर पाणी ओतावे लागे. चिपळूणहून आणलेले तट्टू मला पाहिले की उलट्या पावली मागे जाई. पोलादी शिलेदार पाठमोराच लढाईला येतोय, असे म्हणून विठू माझ्या पोटात खदखदा हसे आणि मग मीही हले. बळवंतरावांना वाटे, सर्प काय जिवंत झाला आहे!

मी खरोखरच जिवंत झालो होतो. किनाऱ्यावर वारा होता, माणसे होती. मथुरा मात्र एकदाही पाहायला आली नाही. रामा गेल्यापासून ती समुद्राकडे फिरकलीच नव्हती. धोंडू रोज संध्याकाळी तिच्या दारावरून जाताना सांगे, शीड ठीक आहे. ती मान हलवी.

शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी दाभोळहून आगबोट पकडायची होती. शेवटची लढाई राहिली होती आणि यंत्रात घालायची फिल्मही तेवढीच राहिली होती. दुपारी कंपनीच्या माणसांनी घासलेटचे दोन भरलेले डबे आणून माझ्या शेपटीपाशी ठेवले. धोंडूला वाटले, चिलखताला आणखी पत्रा हवा असेल. त्याने सहज विचारले.

बळवंतरावांनी तितक्याच सहजपणे सांगितले. शिलेदार भाल्याने सर्पाला मारतो, सर्प पडतो, मग शिलेदार त्याला अग्नी देतो. माणसांनी पडल्यावर मागच्या बाजूने बाहेर यायचे. मग सर्प पेटवायचा. तोच तर चित्रपटाचा शेवट!

धोंडू म्हणाला, हे तर गावाचे सामान आहे, परत द्यायचे आहे. बळवंतराव गोंधळले. सर्पाबद्दल कंपनीने काय द्यायचे ते देऊन टाकले होते, आणि म्हणून सर्प कंपनीचा झाला असे ते समजून चालले होते. गाव समजत होते की ते पैसे बांबूचे आणि मेहनतीचे होते. उसन्या वस्तूचे कसे होईल? दोघेही खरे बोलत होते. विठू घामाघूम होऊन मथुरेच्या घराकडे पळाला.

ती आली. तीन वर्षांनी ती वाळूवर उतरली. पाण्याकडे तिने पाहिले नाही, सरळ माझ्याकडे आली. बळवंतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला समजावले की हवे तेवढे नवेकोरे कापड मुंबईहून पाठवून देतो.

मथुरा म्हणाली, “नवं कापड मला नको. ह्या शिडावर माज्या घोवाचे हात फिरलेत. त्याचं दुसरं काय माज्यापाशी न्हाय.”

मग धोंडूने सुचवले की शीड काढून घेऊ, सांगाड्यावर नारळाच्या पानांची झापे बांधू आणि ती पेटवू. बळवंतरावांनी शिवणीवर हात फिरवून पाहिला. धोंडूनेच इतके पक्के शिवले होते, वर डांबर बसले होते. उसवायला संध्याकाळ झाली असती, आणि उजेड गेल्यावर यंत्राला काही दिसत नाही. बळवंतरावांनी सूर्याकडे पाहिले. मुंबईच्या एका थिएटरवाल्याने सर्पाचे दहन दाखवाल तरच चित्रपट लावतो असे त्यांना बजावले होते. जाहिरातीही तशाच छापून झाल्या होत्या. हा चित्रपट पडला तर पुन्हा कंपनी उभी राहणार नव्हती, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले.

“तुमीपन व्हय म्हाराजा म्हटलंव,” धोंडू हळूच म्हणाला.

कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता बळवंतराव म्हणाले, “आत शिरा.”

धोंडू खेळ्यांकडे वळला आणि म्हणाला, “चला.” सातही जण मुकाट्याने माझ्या पोटात शिरले. मित्रांनो, मला तेव्हा काय वाटले ते सांगतो. आगीची मला भीती वाटली नाही. वाईट वाटले ते मथुरेचे. ती वाळूवर गुडघे घट्ट धरून बसली होती. आणि धोंडूचाही मला राग आला. त्याने दिलेला शब्द एवढ्यात कसा विसरला, असे वाटले. खेळ्यांच्या मनात काय आहे ते मला कळले नव्हते, कारण ते आत एकमेकांशी काहीच बोलले नाहीत.

यंत्र फिरू लागले. सदू भाला घेऊन धावला. मी फूत्कार टाकला, विठूने राळ उडवली. सदूने माझ्या मानेशी भाला मारला. आता मी पडायचे होते. मी पडलो नाही. सदूने पुन्हा मारला. मी तरीही उभा. सदू झडपेच्या आतून कुजबुजला, पडा की आता. धोंडूने माझे डोके सावकाश उचलले, शिलेदारावरून बळवंतरावांकडे, बळवंतरावांवरून मथुरेकडे फिरवले. मग समुद्राकडे पाठ करून तो एकदम पळत सुटला, आणि त्याच्यामागे बाकी सहांचे बारा पाय.

दुपारचा वारा समुद्रावरून जोरात सुटला होता. तो मागून माझ्या पोटात शिरला. तीन वर्षांनी माझ्यात वारा भरला! मी टरारून फुगलो. आतली माणसे पळत होती की मी त्यांना ओढून नेत होतो, ते त्यांनाही कळेना. विठूचे पाय अधूनमधून जमिनीवरून सुटत होते आणि तो हसत होता की रडत होता कोण जाणे. मी सर्प नव्हतो आणि चित्रपटातला तर मुळीच नव्हतो. मी शीड होतो, माझ्या खाली मचवा होता आणि मला माझे घर दिसत होते. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की तसा पुन्हा कधी झाला नाही.

मागे सदू धावत येत होता. त्याचे डबे खडखडत होते. वाळू संपते तिथे तो अडखळून पडला, उठला, शिरस्त्राण काढून टाकले आणि नुसताच उभा राहून पाहू लागला. तोही कोकणातलाच होता. यंत्रवाला दांडा फिरवतच होता, कारण त्याला थांब म्हणून कुणी सांगितले नव्हते. थांब म्हणायचे ते बळवंतराव तोंडावर हात ठेवून उभे होते. मी बुरुजाला वळसा घातला, माडांतून वर चढलो आणि मथुरेच्या अंगणात जाऊन पडलो. पांगाऱ्याचे डोके दाराच्या उंबऱ्यावर आपटले आणि त्याचा एक कंदिलाचा डोळा फुटला.

फिल्म संपली होती. आता मला पेटवून काही उपयोग नव्हता.

उन्हे कलल्यावर बळवंतराव अंगणात आले. मथुरा तेव्हा कोयत्याने माझे टाके एकेक करून कापत होती. धोंडू शरमिंदा होऊन उठून उभा राहिला. भांडण होईल असे सगळ्यांना वाटले. बळवंतराव ओट्यावर बसले, पाणी मागून प्यायले आणि म्हणाले, “सर्प पळून गेला. आता शेवटच्या पाटीवर मी काय लिहू?”

मथुरेने हातातले काम थांबवले नाही. “लिवा,” ती म्हणाली, “ज्याचं त्याला पोचलं.”

पुढचे मला धोंडूच्या तोंडून कळले. चित्रपट मुंबईला लागला. दहन पाहायला आलेल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या, काहींनी खुर्च्यांवर काठ्या आपटल्या. काही मात्र सर्प पळाला तेव्हा उभे राहून टाळ्या वाजवीत होते. तिथे तो चालला नाही म्हणायलाच हवे. मग तो गावोगाव तंबूंतून फिरला आणि दुसऱ्या वर्षी दाभोळला आला. आमचे निम्मे गाव होड्या भरून तो पाहायला गेले. धोंडूने मथुरेलाही नेले. ती जायला तयार नव्हती. होडीत बसून तिने डोळे मिटून घेतले होते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. मी माळ्यावर होतो. तिने मला पाहिले, खाली उतरवले, अंगणात आणून पूर्ण उघडे केले. खवले तसेच होते; डांबर काही जात नाही. माझ्याजवळ बसून तिने कितीतरी वेळ माझ्यावर हात ठेवला होता. मग तिने धोंडूला बोलावणे पाठवले.

धोंडू आला. मथुरा म्हणाली, “पडद्यावर ते वाऱ्यानं भरलं, तवा मला वाटलं, माज्या घोवानंच थाप मारलीन त्याच्यावर. धोंडूदादा, मी ह्याला घडी घालून मारत होते. तुज्या होडीला घे.”

धोंडू नको म्हणाला. फाटेल, म्हणाला. समुद्राचा भरवसा नाही, हेही म्हणाला. तिने ते सगळे ऐकून घेतले आणि माझी एक कड त्याच्या हातात दिली.

तेव्हा मी धोंडूच्या होडीवर चढलो. दाभोळपासून खाली जयगडपर्यंत मला सगळे ओळखू लागले. खवल्यांचे शीड दिसले की किनाऱ्यावरची पोरे ओरडत, सर्प आला, सर्प आला. मी काही वर्षे जोरात काम केले. वादळेही पाहिली. नंतर शिवणी जाऊ लागल्या, ठिगळावर ठिगळ बसेना, आणि आता मी खळ्यात आलो. तरीही मला रोज उचलतात, झटकतात, गोड्या पाण्याने धुतात, संध्याकाळी नीट गुंडाळून ठेवतात. मथुरेने तसे धोंडूच्या सुनेला बजावून सांगितले आहे.

त्या चित्रपटाचे काय झाले, ते विचारू नका. दोनतीन वर्षांत बोलपट आले आणि मुक्या चित्रांना कुणी विचारीनासे झाले. बळवंतरावांची कंपनी बंद पडली. ती फिल्म कुठे आहे, आहे की नाही, हे कुणालाच माहीत नाही. एका माणसाने एवढे जीव तोडून केलेले काम, कुठल्या तरी पेटीत बंद राहून विरले असेल. त्याचे मला वाईट वाटते. माझ्यासारखे त्याला अंगणात आणून कुणी ऊन दाखवले नाही.

म्हणून माझे तुम्हाला एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी आजोबांचे अवजार असेल, आजीचे भांडे असेल, कुणा गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल, तर ती कपाटात कोंडून ठेवली म्हणजे सांभाळली असे समजू नका. तिला पुसा, दुरुस्त करा आणि तिच्याकडून तिचे काम घ्या. ती झिजेल, फाटेल, कधी हरवेलसुद्धा. जपताना तेवढी भीती सोसावी लागते, आणि मथुरेने ती सोसली.

मी होडीवर चढलो तो पहिला दिवस मला आठवतो. पहाटे निघालो, दिवसभर वारा चांगला होता, संध्याकाळी परत फिरलो. लांबून मला किनारा दिसला आणि किनाऱ्यावर एक बाई उभी दिसली. डोळ्यांवर हात धरून ती समुद्राकडे पाहत होती. मथुराच होती ती. होडी वाळूला लागली तेव्हा ती गुडघाभर पाण्यात पुढे आली, माझी ओली कड तिने दोन्ही हातांत धरली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. त्यानंतर ती रोज संध्याकाळी किनाऱ्यावर येऊ लागली. तिला वाट पाहायला पुन्हा कुणीतरी मिळाले होते. आणि मित्रांनो, मी रोज परत येत होतो.